कोडचा गुंता मोजायचा कसा, सोडवायचा कधी?

अंधेरीच्या सीप्झपासून मालाडच्या माइंडस्पेसपर्यंत कुठल्याही सॉफ्टवेअरवाल्याला हे वाक्य पाठ असतं: "चालतंय ना? मग हात नको लावूस." सल्ला अगदीच वेडगळ नाही. पण नियम बदलतात, दर बदलतात आणि हात लावावाच लागतो. वापरातल्या प्रणालीत बदल होतच राहतात आणि मुद्दाम आवरली नाही तर तिचा गुंता वाढत जातो, हे संगणकशास्त्रज्ञ मेयर लेहमन यांनी 1974 मध्येच मांडलं होतं.

हा गुंता आकड्यात पकडायची युक्ती थॉमस मॅककेब यांनी 1976 मध्ये सुचवली. ती समजायला लोकलचा नकाशा पुरे. दादर, कुर्ला, वडाळा, माहीम हे चार ठिपके रेल्वेमार्गांनी जोडले की चार रेघा होतात आणि एक वळसा पूर्ण होतो. त्यात सीएसएमटी घातलं, तर दादरकडून एक आणि हार्बरनं वडाळ्याकडून एक अशा दोन रेघा वाढतात. आता स्वतंत्र वळसे दोन: सहा रेघा वजा पाच ठिपके अधिक एक. मॅककेब फंक्शनचाही, म्हणजे एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याचाही, असाच नकाशा काढतात: पायऱ्या म्हणजे ठिपके, एकीवरून दुसरीवर जाणं म्हणजे रेघ. फक्त शेवट पुन्हा सुरुवातीला जोडतात. म्हणून त्यांच्या सूत्रात 'अधिक दोन' येतं. एवढं गणितही रोज लागत नाही. फंक्शनमधले हो-नाहीचे निर्णय मोजा, एक मिळवा, झालं.

समजा, लोकलचं भाडं काढणारं फंक्शन आहे. प्रवासी लहान मूल आहे का? फर्स्ट क्लास का? रिटर्न का? असे तीन 'इफ' (जर-तरचे निर्णय), म्हणून आकडा 4. उत्तरांच्या जुळण्या मात्र 8, आणि असा प्रत्येक नवा प्रश्न त्या दुप्पट करतो. टेस्ट, म्हणजे कोड तपासणारा कोड, लिहिणारा वैतागतो तो इथे.

मॅककेब यांनी मर्यादा 10 ठेवली, पण त्या आकड्यात जादू नाही हेही सांगून टाकलं. खरंच नाही. बारा महिन्यांची नावं देणारा बाळबोध 'स्विच' (एका किमतीवरून अनेक पर्यायांतला एक निवडणारी रचना) दहाची हद्द ओलांडतो, आणि एकाच्या पोटात एक असे चार 'इफ' पाचावर सुटतात! यावर उतारा म्हणून कोड तपासणारी साधनं बनवणाऱ्या सोनारसोर्स कंपनीनं 'कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी' (समजायला किती अवघड, याचं माप) आणली. तिच्यात खोलीला दंड आहे: त्याच चार 'इफ'चे 1, 2, 3, 4 मिळून 10 होतात आणि तो अख्खा 'स्विच' 1 वर भागतो. वाचणाऱ्याला होणारा त्रास मला तरी या मापात जास्त दिसतो.

पण रिफॅक्टरिंग, म्हणजे वागणूक तीच ठेवून कोडची रचना सुधारणं, कधी करायचं, हे कुठलंच माप एकटं सांगत नाही. त्यासाठी कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटचा इतिहास उघडावा. आकडा 40 असलेली फाइल वर्षानुवर्षं कुणी उघडलीच नसेल, तर खुशाल राहू द्या. आकडा 15 आणि दर स्प्रिंटमध्ये (कामाच्या एक-दोन आठवड्यांच्या फेरीत) बदल, अशी फाइल आधी घ्या. तीही सवड काढून नव्हे, तर तिथे नवं काम येईल तेव्हा. आधी वागणूक न बदलता रचना सुधारायची, मग एसी लोकलचा नवा दर घालायचा, दोन्ही वेगळ्या कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या वेगळ्या नोंदींत. टेस्ट नसतील तर कोड आज जी उत्तरं देतो ती टेस्टमध्ये जशीच्या तशी नोंदवून ठेवायची. एखाद्या जुळणीत भाडं चुकत असेल तर तेही. ती चूक तिसऱ्या कमिटमध्ये सुधारता येते.