'पंधरापैकी पंधरा' म्हणजे पेशंट बरा झाला का?

डोक्याला मार लागलेल्या पेशंटचा ग्लासगो कोमा स्केलवरचा 'स्कोअर' 15 झाला की आयसीयूबाहेर पेढ्यांची भाषा सुरू होते. 15 म्हणजे ठणठणीत, हा समज कित्येक वर्षं फिरतोय आणि तो चुकीचा आहे.

ग्लासगो कोमा स्केल 1974 मध्ये ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी मांडली, ती शुद्ध किती आहे हे पाहायला. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त 4, बोलण्याला 5, हालचालीला 6 गुण. (काहीच प्रतिसाद नसला तरी 3 मिळतात, शून्य नसतोच.) नाव, ठिकाण, महिना नीट सांगितला, सांगितल्यावर हात उचलला, की झाले 15. तोच माणूस घरी दूध गॅसवर ठेवून विसरतो, सुट्या पैशांचा हिशोब चुकवतो, फुटकळ कारणावरून भडकतो. याचा अर्धा गुणही इथे कापला जात नाही.

सुधारणा मोजायला जेनेट यांनीच मायकेल बाँड यांच्यासोबत 1975 मध्ये वेगळी ग्लासगो आउटकम स्केल आणली. तिच्या विस्तारित रूपात 8 पायऱ्या आहेत. प्रश्न साधे: एकट्याने बाजारहाट जमते का? प्रवास? कामावर परतलात का? घरच्यांशी पटतं का? हे बहुधा सहा महिन्यांनी विचारतात, आणि शक्यतो घरच्यांनाही. स्वतःतला बदल पेशंटला बरेचदा कळतच नाही.