क्रम्ब कोटिंग

केकच्या स्पंजवर अंतिम सजावटीपूर्वी क्रीमचा किंवा आइसिंगचा जो पातळ, सपाट थर देतात त्याला क्रम्ब कोटिंग म्हणतात. कापलेल्या स्पंजच्या कडांवर सुटलेला भुगा या थरात अडकून राहतो आणि त्यावर येणारा जाड थर स्वच्छ, एकरंगी दिसतो. भिंतीला रंग देण्यापूर्वी रंगारी प्रायमरचा हात मारतो, तसेच या थराचे स्थान आहे. तयार केकमध्ये तो दिसत नाही, तरी वरचा गुळगुळीतपणा, कडांची धार आणि केकचा सरळ उभेपणा बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असतो.

कोल्हापुरात घरगुती ऑर्डरी घेऊन केक करणाऱ्यांकडे एगलेस केकला मोठी मागणी असते आणि अशा केकला या थराची गरज अधिक भासते. अंड्यातील प्रथिनांचा आधार नसल्याने दही किंवा कंडेन्स्ड मिल्क घालून केलेला स्पंज कापताना लवकर भुगभुगतो. भौगोलिक मानांकन लाभलेला कोल्हापुरी गूळ आणि गव्हाचे पीठ वापरून केलेल्या केकचा भुगा तर तपकिरी असतो. पांढऱ्या क्रीमवर त्याचा एकेक कण लांबून ओळखू येतो.

थर नीट बसावा यासाठी स्पंज पूर्ण थंड झालेला असावा लागतो. आतून जरी कोमट राहिला तरी त्याला लागलेले क्रीम पातळ होऊन घसरते. वरचा फुगवटा दातेरी सुरीने काढून स्पंजचे दोन-तीन थर करतात, त्यांवर साखरेचा पाक शिंपडतात व मध्ये क्रीम भरतात. अननस किंवा स्ट्रॉबेरीचा क्रश भरायचा असेल तर आधी कडेने घट्ट क्रीमचे रिंगण काढणे श्रेयस्कर, अन्यथा रस बाहेर झिरपून पहिल्या थरावर रंगीत डाग उमटतात. सर्वांत वरचा थर उलटा ठेवण्याची पद्धत चांगली आहे. भाजताना भांड्याच्या तळाशी असलेली त्याची सपाट बाजू वर येते आणि तिचा भुगा कमी सुटतो.

या थरासाठी लागणारे क्रीम वेगळ्या वाटीत काढून घेतात, कारण भुगा लागलेली पॅलेट नाइफ (क्रीम पसरायची लांब, बोथट सुरी) मूळ भांड्यात बुडवली की अंतिम थराचे क्रीमही खराब होते. टर्नटेबलवर, म्हणजे फिरत्या तबकडीवर, केक ठेवून प्रथम माथ्यावर क्रीम पसरतात व कडेला ओसंडणारे क्रीम बाजूंवर उतरवतात. सुरी आणि स्पंज यांच्यामध्ये सतत क्रीम राहिले पाहिजे. कोरडी सुरी स्पंजला टेकली की तुकडे उचलून येतात. बाजूंना स्क्रॅपर (क्रीम सपाट करायची सरळ कडेची पट्टी) उभा, काटकोनात धरून टर्नटेबल संथ फिरवतात, जादा क्रीम काढून घेतात आणि माथ्यावर उभी राहिलेली क्रीमची कड बाहेरून मध्याकडे ओढून सपाट करतात. थराची जाडी साधारण 2 ते 3 मिलिमीटर पुरेशी होते. खालचा स्पंज काही ठिकाणी अंधुक दिसला तरी बिघडत नाही, उलट तो झाकण्यासाठी क्रीम चढवत राहिल्यास अकारण जाडी वाढते.

त्यानंतर केक 20 ते 30 मिनिटे फ्रिजमध्ये ठेवतात. घाईत हीच पायरी गाळली जाते, आणि ती गाळली तर आधीचे सर्व श्रम वाया जातात. गार झाल्यावर क्रीममधील स्निग्धांश घट्ट होतो आणि भुगा त्यात पक्का धरला जातो. मऊ थरावर दुसरा थर ओढला तर दोन्ही एकमेकांत मिसळतात व भुगा पुन्हा वर येतो. बोट हलके टेकवल्यावर क्रीम बोटाला लागले नाही, म्हणजे केक पुढच्या थरासाठी तयार झाला.

क्रीमच्या निवडीत हवामानाचा विचार करावाच लागतो. लोण्याचा स्निग्धांश 32 ते 35 अंश सेल्सिअसच्या आसपास बहुतांशी वितळतो आणि कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा त्याच्याही वर जातो. म्हणून त्या दिवसांत बटरक्रीमचे, म्हणजे लोणी व साखर फेटून केलेल्या क्रीमचे, काम सकाळी लवकर उरकणे शहाणपणाचे. जिल्ह्यात म्हशीच्या दुधाचे लोणी सहज मिळते, आणि म्हशीच्या दुधात कॅरोटीन जवळजवळ नसल्याने ते शुभ्र असते. रंग न घालता पांढरे बटरक्रीम हवे असेल तर हा मोठाच लाभ आहे. बाजारातील 25 टक्के स्निग्धांशाचे पाकिटबंद फ्रेश क्रीम मात्र फेटून उभे राहत नाही, त्यासाठी निदान 30 टक्के स्निग्धांश लागतो. त्यामुळे वनस्पतिजन्य व्हिपिंग क्रीम सर्रास वापरले जाते. ते गारच फेटावे लागते, आणि पहिल्या थरासाठी किंचित मऊ ठेवलेले बरे. फार फेटल्यास ते रवाळ होते व स्क्रॅपरखाली भोके पडतात. पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेल्या केकवर दमट हवेतील बाष्पाचे थेंब जमतात, म्हणून तेव्हा एकेकच केक बाहेर काढून अंतिम थर लगेच द्यावा.

वर फॉन्डंट (साखरेचे लाटून पसरायचे आवरण) बसवायचे असल्यास खाली व्हिपिंग क्रीम चालत नाही, कारण त्यातील पाण्याने फॉन्डंटमधील साखर विरघळू लागते. अशा केकला बटरक्रीमचा किंवा दोन भाग डार्क चॉकलेट व एक भाग क्रीम या प्रमाणातील गनाशचा थर देतात. गनाशचा थर घट्ट बसत असल्याने इचलकरंजी किंवा पन्हाळ्यापर्यंत गाडीतून न्यायच्या उंच केकलाही तोच अधिक भरवशाचा ठरतो. सेमी-नेकेड प्रकारात दुसरा थर देतच नाहीत; स्पंज जागोजागी दिसेल असा हा पातळ थरच अंतिम रूप म्हणून ठेवतात.