ल्युकेमिया, मॉर्फिन आणि 1985चा कायदा : पार्श्वभूमी

ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, रुग्णाची चिठ्ठी वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह विभागाकडे जाते ती बहुतेकदा केमोचा उपयोग संपल्यावर. तोवर ‘आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या’ असं नातेवाइकांना सांगून झालेलं असतं. पुण्यात उपचारांसाठी सोलापूर, नगर, साताऱ्याकडून माणसं येतात. दुखणं आटोक्यात ठेवणारा डॉक्टर त्यांना बऱ्याचदा परत निघताना भेटतो. या उशिराची मुळं वैद्यकात आहेत, पण त्याहून जास्त कायद्यात आहेत.

उपचार पुढे सरकत राहिले. 1948 मध्ये बॉस्टनला फोलिक आम्ल रोखणारं औषध मुलांच्या ल्युकेमियावर काही काळ लागू पडलं. ते ज्या कंपनीत तयार झालं तिथलं संशोधन आंध्रातून गेलेला एक भारतीय पाहत होता. 2001 मध्ये क्रॉनिक मायलॉइड या ल्युकेमियाच्या एका प्रकारासाठी इमॅटिनिबची गोळी आली. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिचं पेटंट नाकारलं आणि स्वस्त देशी गोळीचा मार्ग मोकळा राहिला. या निकालाची चर्चा घराघरांत झाली. अफूपासून बनणाऱ्या मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाची तशी कधी झाली नाही.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायदा नोव्हेंबर 1985 मध्ये लागू झाला. रोख अमली पदार्थांच्या तस्करीवर होता, पण बडगा बसला रुग्णालयांवर. शिक्षा तेव्हा किमान दहा वर्षांची. मॉर्फिन ठेवायचं तर खरेदी, साठा, वाहतूक यांचे वेगवेगळे परवाने, तेही वेगवेगळ्या खात्यांकडून आणि सगळे एकाच वेळी वैध हवे असत. शेवटचा हाती पडेपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली. औषध दुकानदारांनी हात काढून घेतला, बऱ्याच रुग्णालयांनी साठाच बंद केला. जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनांसाठी साध्या गोळ्यांपासून तीव्र औषधांपर्यंत जाणारी तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली ती नेमकी 1986 मध्ये, आणि तिसऱ्या पायरीवर होतं मॉर्फिन. 1997 पर्यंत देशभरातला मॉर्फिनचा वर्षाचा वैद्यकीय वापर 18 किलोवर घसरला. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकत होती, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जात होती, परदेशी निर्यात होत होती. आणि इथले रुग्ण तळमळत होते. एका पिढीच्या डॉक्टरांनी शिक्षणात मॉर्फिन वापरून पाहिलंच नाही, हे नुकसान कुठल्याही आकड्यात बसत नाही.

1998 मध्ये केंद्राने राज्यांना सोप्या नियमांचा नमुना पाठवला. काहींनी स्वीकारला, काहींनी फायलीत ठेवला. 2007 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी 2014 मध्ये संसदेने दुरुस्ती केली, 2015 मध्ये मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोनसह सहा औषधांसाठी देशभर एकच नियम आला: मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था आणि एक परवानगी. कायदा बदलला, तरी डॉक्टरांच्या मनातली धास्ती एका अधिसूचनेने जात नाही.

ल्युकेमियात याचा फटका जास्त बसतो. पहिल्या पायरीवरच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या इथे धोक्याच्या, कारण प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) उतरलेल्या असतात आणि रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल ताप झाकतं, आणि पांढऱ्या पेशी नसलेल्या रुग्णात ताप हीच संसर्गाची पहिली खूण. हाडं आतून ठणकतात, केमोनंतर तोंड सोलवटून थुंकीही गिळवत नाही. म्हणजे मॉर्फिनची गरज ऐन उपचारांत लागते, अखेरच्या दिवसांपुरती नव्हे.

पुण्यात वारज्याला 1997 मध्ये मोफत पॅलिएटिव्ह केंद्र सुरू झालं. शहरासाठी ते मोठंच काम होतं. मात्र देशभरातच या सेवेची घडण मुख्यतः तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांभोवती झाली. ल्युकेमियाच्या रुग्णाला अखेरपर्यंत रक्त आणि प्लेटलेट्स लागतात. प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात, त्याही सतत हलवत ठेवाव्या लागतात; रक्तपेढीपासून दूर असलेल्या केंद्राला किंवा घरी जाणाऱ्या परिचारिकेला ते जमवणं अवघड. त्यामुळे कुटुंबाला प्लेटलेट्स आणि निवांतपणा यांतलं एक निवडायला लावलं जातं.

अमेरिकेत 2010 मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगात आणि 2016 मध्ये बोनमॅरो प्रत्यारोपणाच्या रुग्णांत, उपचारांबरोबरच ही सेवा दिल्याने रुग्णांचं जगणं सुसह्य झाल्याचं चाचण्यांतून दिसलं. 2016 च्या चाचणीत ती रुग्णालयातल्या मुक्कामातच दिली गेली, रक्तपेढी आणि केमोचा वॉर्ड हाताशी असताना. पुण्यात आज मागणी आहे ती याच व्यवस्थेची.