घरी बांधलेली शिडाची होडी : रंगकाम आणि साज

होडीचे कवच जोडून झाल्यापासून ती शीड उभारून पाण्यात जाईपर्यंतची कामे या सदरात येतात. राळेचे थर, लांबी (खड्डे भरायचा लगदा), प्रायमर, रंग आणि व्हार्निश हे रंगकाम. डोलकाठी, सुकाणू, कप्प्या (दोर फिरवायची चाके), क्लीट (दोर अडकवायच्या खुंट्या), ताणतारा (डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा) आणि दोर हा साज. नवशिक्याला ही दोन कामे लागोपाठची वाटतात. प्रत्यक्षात ती एकमेकांत गुंतलेली असतात, कारण साजाचा प्रत्येक स्क्रू रंगाच्या थराला भोक पाडूनच आत जातो.

घरी होडी बांधणे आवाक्यात आले ते जलरोधक गोंदाच्या प्लायवुडमुळे. १९६२ साली जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी आराखडा केलेल्या ‘मिरर’ या ब्रिटिश होडीने ही पद्धत घरोघर नेली. प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे आणि सांध्यांवर काचतंतूची पट्टी राळेने बसवायची, एवढेच तिचे तंत्र. अशा ७०,००० हून अधिक होड्या झाल्या. प्लायवुडचे दुखणे मात्र कडेला असते. सपाट बाजू पाण्याला बराच वेळ दाद देत नाही. कापलेली कड किंवा भोकाची आतली भिंत ते टिपकागदासारखी ओढून घेते.

म्हणून आधी इपॉक्सी राळेचे दोन-तीन हात देतात. बऱ्याच इपॉक्सी वाळताना वर मेणचट साय धरतात. ती पाण्यात विरघळते, त्यामुळे आधी साध्या पाण्याने धुणे आणि मगच घासणे हा क्रम चुकवू नये. उलट केले की पॉलिश पेपर ती साय पृष्ठभागात घोटतो आणि वरचा रंग पुढे पापुद्र्यांनी सुटतो. इपॉक्सी उन्हात पिवळी पडून खडूसारखी होते, तेव्हा तिच्यावर रंग हवाच. लाकूड दिसू द्यायचे असेल तर अतिनील किरण अडवणाऱ्या व्हार्निशचे पाच-सहा हात. मधल्या फळीच्या (होडीच्या मध्यातून पाण्यात खाली सोडायच्या फळीच्या) खोबणीची आतली बाजू खोबण बंद करण्यापूर्वीच रंगवावी लागते. नंतर तिथे ब्रश पोचत नाही.

लांबी भरून ८० नंबरच्या पेपरपासून २२० पर्यंत घोटणे हे कंटाळवाणे खरे, पण रूप तिथेच ठरते. पेपर लांब, किंचित लवचिक पट्टीला चिकटवून तिरका चालवतात; हाताने घासले तर बोटांच्या दाबाने उंचवटे उरतात. अंधाऱ्या जागी दिवा कवचाला लागून आडवा धरला की राहिलेले खड्डे दिसतात. चकचकीत आणि गडद रंग ते लपवत नाहीत, उघडे पाडतात. पहिल्या होडीला पांढरा किंवा फिकट रंग शहाणपणाचा. तो उन्हात तापतही कमी.

एका डब्याचे इनॅमल सोसणारे असते आणि डागडुजीला सोपे जाते. दोन भाग मिसळायचे पॉलियुरेथेन जास्त कठीण होते, पण त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते आणि त्याची द्रावके खालचे एका डब्याचे जुने रंग उचलून टाकतात. हौशी कामाला रोलर आणि ब्रशची जोडी पुरते : एकाने फोमच्या रोलरने पातळ थर लावत पुढे जायचे, दुसऱ्याने लगेच जवळजवळ कोरड्या ब्रशचे टोक वरून अलगद ओढून बुडबुडे मोडायचे. मागे वळून ‘एवढे जरा’ सुधारायला गेले की ओघळ आलाच. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सियस जास्त हवे. संध्याकाळी मारलेल्या रंगावर दव पडून चमक मरते. होडी कायम पाण्यात राहणार असेल तरच तळाला शेवाळरोधक, बहुधा तांबेयुक्त रंग लागतो. वापरानंतर बाहेर काढायच्या होडीला तो खर्च वाया.

साज रंगापूर्वी एकदा कोरडाच बसवून पाहतात. भोके पाडतात, मग सगळे काढून रंगवतात. ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी आधी १० मिलिमीटरचे भोक पाडायचे, खालून चिकटपट्टी लावून ते जाड केलेल्या इपॉक्सीने भरायचे आणि वाळल्यावर मधोमध ६ मिलिमीटरचे भोक पाडायचे. आता बोल्टभोवती लाकूड नाही, राळेची नळी आहे. जास्त ताण येणाऱ्या ठिकाणी डेकखाली जाड पट्टी देतात. पट्टी, बोल्ट आणि डेक यांमध्ये पाणी अडवणारी ब्यूटिल टेप किंवा पॉलिसल्फाइड सीलंट भरतात. कायम चिकटणारे पॉलियुरेथेन सीलंट इथे नको, पुढे फिटिंग काढताना प्लायवुडचा पापुद्रा सोबत निघतो. पाण्याखाली पितळ वापरू नये : खारे पाणी त्यातले जस्त ओढून घेते आणि मागे ठिसूळ, गुलाबीसर स्क्रू उरतो. तिथे ब्राँझ हवे. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टीलचे स्क्रू घालताना मध्ये विद्युतरोधक पेस्ट लावतात, नाहीतर ॲल्युमिनियम झिजते.

पहिल्या फेरीनंतर ताणतारा सैल पडतात, त्या पुन्हा आवळाव्या लागतात. हवाबंद कप्प्यांची झाकणे उघडून तळाला बोट लावून पाहावे. ओले लागले तर कप्पा सुकवून झाकण लावतात, कप्प्यात तोंडाने हलकी हवा भरतात आणि प्रत्येक फिटिंगवर साबणाचे पाणी लावतात; फेस जिथे फुगतो ते भोक.