‘डार्क टॉवर’ : मूळ पुस्तकं आठ, खिलं किती?

अमेरिकी लेखक स्टीफन किंगच्या ‘द डार्क टॉवर’ या कादंबरीमालिकेचा विषय बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वाचकांत निघाला की पहिला अर्धा तास मोजणीतच जातो. एक म्हणतो पुस्तकं सात, दुसरा आठावर ठाम, तिसरा विसाच्याही पुढं. त्यात ‘पहिलं वाचलंय खरं दुसऱ्यात काही मेळच बसंना’ म्हणणारा एकजण असतोच. (घाटावरच्या वाचकांसाठी : इकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’.) गंमत अशी, की चौघांचंही बरोबर असतं. ज्याच्या हातात जी प्रत, त्याचं तसं मत. ही मालिका आधी आराखडा काढून बांधलेली नाही. १९७८ ते २०१२ अशी चौतीस वर्षं ती तुकड्यातुकड्यानं छापली गेली. जोडपुस्तकं बरीचशी मागाहून चिकटवली, आणि पहिलं पुस्तक तर मध्येच बदललं. वादाचं मूळ तिथं आहे.

सुरुवात १९७०ची. किंग मेन विद्यापीठातून नुकताच बाहेर पडत होता. तिथल्या ग्रंथालयात त्याला हिरव्या रंगाच्या जाड कागदाचं एक रीम मिळालं, सात इंच बाय दहा इंच असल्या विचित्र मापाचं. त्या कागदावर त्यानं पहिली ओळ लिहिली : वाळवंटातून काळ्या कपड्यांतला माणूस पळतोय आणि बंदूकवाला त्याच्या मागावर आहे. नायक रोलंड आणि मनोरा हे दोन्ही रॉबर्ट ब्राउनिंगच्या १८५५च्या कवितेतले. ब्राउनिंगनं त्या कवितेच्या शीर्षकाची ओळ शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मधून उचललेली. भव्यतेची हाव टॉल्किनची, आणि वाळवंट, टोपी, बंदूक हे सगळं सर्जिओ लिओनेच्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ या चित्रपटातलं. घटक तीन, आणि ते एकमेकांत नीट विरघळलेले नाहीत. पहिलं पुस्तक कोरडं आणि तुटक वाटतं त्याचं हे एक कारण.

दुसरं कारण छपाईचं. ‘द गनस्लिंगर’ ही मुळात कादंबरी नव्हे. ऑक्टोबर १९७८ ते नोव्हेंबर १९८१ या काळात ‘द मॅगझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन’ या मासिकात आलेल्या पाच कथांची ती माळ आहे. १९८२मध्ये डोनाल्ड ग्रँट या छोट्या प्रकाशकानं ती पुस्तकरूपात काढली. साधी आवृत्ती दहा हजारांची, आणि सहीच्या पाचशे प्रती वेगळ्या. किंगच्या इतर पुस्तकांचा खप लाखांत असताना ह्या पुस्तकाचं नाव त्याच्या बहुतेक वाचकांनी ऐकलेलंही नव्हतं.

मग १९८३मध्ये ‘पेट सिमेटरी’ आलं. त्याच्या पुढच्या पानांत ‘लेखकाची इतर पुस्तकं’ अशी यादी असते, तीत ‘द डार्क टॉवर’ हे नाव छापलं गेलं. लोक दुकानात जाऊन विचारू लागले, पण पुस्तक तर कुठंच नाही. पत्रांचा पाऊस पडला आणि त्यातली बरीच पत्रं चिडून लिहिलेली होती. या मालिकेचा चाहतावर्ग असा कथेच्या आधी एका यादीतून तयार झाला. सर्वसामान्य वाचकाला परवडणारी पेपरबॅक निघायला १९८८ उजाडलं. तोवर, १९८७मध्ये, दुसरा खंड ‘द ड्रॉइंग ऑफ द थ्री’ आलाही होता. त्यामुळं पुष्कळांनी दुसरा आधी आणि पहिला नंतर वाचला. ही उलटी सवय आजही दिसते, आणि ती चालते, कारण दुसऱ्या खंडापासून मालिकेला खरी चाल येते.

तिसरा खंड ‘द वेस्ट लँड्स’ १९९१चा. तो संपतो एका बोलणाऱ्या, वेड्या रेल्वेगाडीत. गाडी भरधाव धावतेय, पात्रांनी तिला न सुटणारं कोडं घातलं तर जीव वाचणार, आणि कोडी सुरू व्हायच्या आत पुस्तक खलास. पुढचा खंड ‘विझर्ड अँड ग्लास’ १९९७मध्ये आला. सहा वर्षं वाचक गाडीतच! नंतर, १९९८च्या सुमारास, कर्करोग झालेल्या ८२ वर्षांच्या एका आजीबाईंनी आणि फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्यानं किंगला पत्रं लिहिली : शेवट काय ते आम्हाला सांगा, आम्ही कुणाला सांगणार नाही. किंगनं पुढं स्वतःच लिहिलं, की सांगायला त्याला तरी शेवट कुठं ठाऊक होता. आराखडा आधी ठरला होता असं मानणाऱ्यांनी एवढा एक पुरावा लक्षात ठेवावा.

१९ जून १९९९ला रस्त्याकडेनं चालताना एका व्हॅननं किंगला उडवलं. तो थोडक्यात वाचला. त्यानंतर त्यानं उरलेले तीन खंड सलग लिहून काढले : ‘वुल्व्ज ऑफ द काला’ २००३मध्ये, ‘साँग ऑफ सुझॅना’ आणि ‘द डार्क टॉवर’ २००४मध्ये. हे झाले सात. २०१२मध्ये ‘द विंड थ्रू द कीहोल’ आलं आणि ते चौथ्या-पाचव्याच्या मध्ये बसवलं गेलं. हे आठवं. सात-आठचा वाद इथं मिटतो. विसाचा मात्र मिटत नाही.

विसाचा आकडा समजून घ्यायला आपल्याकडचा एक जुना शब्द कामाला येतो : खिल. मूळ ग्रंथाला मागाहून जोडलेला भाग. हरिवंश हे महाभारताचं खिल. ते नसलं तरी युद्ध समजतं, पण कृष्णाचं बालपण हवं तर तिथंच जावं लागतं. किंगच्या जोडपुस्तकांचं तसंच आहे, फक्त सगळी खिलं एका तोलाची नाहीत. शेवटच्या खंडात किंगच्या पुस्तकांची जी यादी आहे, तीत मनोऱ्याशी नातं असलेली नावं ठळक अक्षरांत छापली. ती यादी लोकांनी अभ्यासक्रमासारखी डोक्यावर घेतली, आणि घोटाळा तिथं झाला. एखाद्या पुस्तकात मनोऱ्याच्या राखणदारांपैकी कासवाचं नुसतं नाव आलं तरी ते ठळक, आणि ज्याच्यावाचून पाचवा खंड कळत नाही तेही ठळक.

ज्याच्यावाचून अडतं असं पुस्तक खरं तर एकच : ‘सेलम्स लॉट’, १९७५चं. त्यातला फादर कॅलहन हा पाद्री हार पत्करून बसमध्ये बसतो आणि गावाबाहेर निघून जातो. किंगनं त्याला तिथंच सोडला. अठ्ठावीस वर्षांनी ‘वुल्व्ज’मध्ये तो परत येतो आणि आपली हकीकत सविस्तर सांगतो. आधी ‘वुल्व्ज’ वाचलं तर ‘सेलम्स लॉट’मधलं सगळं भय तिथंच फुटतं. हा क्रम चुकला की दुरुस्त करता येत नाही. म्हणून चौथा संपताच हे पुस्तक मिळवायच्या मागं लागावं.

सातव्याच्या आधी दोन गोष्टी वाचून ठेवाव्यात, दोन्ही तुलनेनं लहान. ‘हार्ट्स इन अटलांटिस’मधली पहिली दीर्घकथा, जिच्यात टेड ब्रॉटिगन पिवळ्या कोटवाल्यांपासून लपत फिरतो, आणि ‘एव्हरीथिंग्ज इव्हेंच्युअल’ ही कथा, जिच्यात डिंकी आहे. हे दोघं सातव्यात महत्त्वाच्या जागी उभे आहेत आणि तिथं त्यांची नव्यानं ओळख करून देण्यात लेखक फार वेळ घालवत नाही. ‘इन्सोम्निया’त क्रिमझन किंग हे मालिकेतल्या मुख्य खलनायकाचं नाव पहिल्यांदा येतं, म्हणून तेही आधी वाचलेलं बरं, पण ते जड आहे आणि बरेच वाचक तिथं गळतात. पीटर स्ट्रॉबसोबत लिहिलेलं ‘ब्लॅक हाउस’ हवं तर घ्यावं. ‘द आइज ऑफ द ड्रॅगन’ वाचलं असेल तर दुसऱ्या खंडात थॉमस आणि डेनिसचा जाता जाता आलेला उल्लेख पकडता येतो, बाकी अडत काही नाही.

‘द स्टँड’चं प्रकरण मात्र जवळून बघण्यासारखं आहे. चौथ्या खंडात रोलंडची मंडळी साथीनं ओस पडलेल्या टोपेका शहरात पोचतात. तिथं सापडलेल्या वर्तमानपत्रावर तारीख आहे २४ जून १९८६. आता ‘द स्टँड’ची १९७८ची मूळ आवृत्ती घ्या : त्यातली साथ १९८०मधली. १९९०मध्ये निघालेली, हजार पानांच्या पुढं जाणारी अखंड आवृत्ती घ्या : तीत साथ १९९०ची. १९८६ कुठंच बसत नाही. नवा वाचक म्हणतो चूक झाली. जुना म्हणतो, नाही, मनोऱ्याच्या प्रत्येक मजल्यावर एक वेगळं जग आहे आणि हा शेजारचा मजला. दुसरं उत्तर कथेच्या नियमांत बसतं, पण ते इतकं सोयीचं आहे की कुठलीही चूक त्याखाली झाकता येते. ते जपून वापरावं.

किंगनं स्वतः ते एकदा उघडपणे वापरलं. दुसऱ्या खंडात रोलंडला मिळणारा सोबती एडी डीन को-ऑप सिटीचा, आणि पुस्तकात ही वसाहत ब्रुकलिनमध्ये दाखवली. प्रत्यक्षात को-ऑप सिटी ब्रॉन्क्समध्ये आहे. निपाणी कोल्हापूर जिल्ह्यात छापली तर इकडं काय होईल याचा विचार करा. सीमाभागात असल्या चुकीला कुणी मुद्रणदोष म्हणत नाही! न्यूयॉर्कच्या वाचकांनीही पत्रं पाठवली. शेवटच्या खंडांत किंगनं ती चूक कथेतच ओढून घेतली : एडीच्या जगात को-ऑप सिटी ब्रुकलिनमध्येच आहे, म्हणजे ते जग खऱ्या जगापेक्षा वेगळं. लेखकाच्या चुकीनं जगाचा नकाशा ठरतो, हा त्या खंडांचा एक कणाच होऊन बसला.

आता ‘पहिल्या-दुसऱ्यात मेळ बसंना’ या तक्रारीकडं. शेवटचे खंड लिहिताना किंगला दिसलं, की ‘द गनस्लिंगर’ पुढच्या कथेशी भांडतंय. म्हणून २००३मध्ये त्यानं ते सुधारून पुन्हा काढलं. आपल्याकडं ज्ञानेश्वरीची प्रत एकनाथांनी शके १५०६मध्ये शुद्ध केली, पण तिथं हेतू मागून शिरलेले अपपाठ काढायचा होता. इथं लेखकानं स्वतःचाच मूळ पाठ बदलला. जुन्या पाठात फार्सन हे गावाचं नाव. पुढच्या खंडांत तो माणूस निघाला, म्हणून नव्या पाठात गावाचं नाव टॉन्टन झालं. जुन्या पाठात वॉल्टर (पहिल्या ओळीतला काळ्या कपड्यांतला माणूस) आणि मार्टिन (रोलंडच्या बापाच्या दरबारातला जादूगार) हे दोघं सरळ वेगळे वाटतात. पुढं ते एकच ठरतात, म्हणून नव्यात ती वाक्यं धूसर केली. सगळ्यात मोठा बदल टल गावातला. जुन्यात तिथली गुत्तेवाली ॲली रोलंडला गोळी झाडू नको म्हणून विनवते आणि तो झाडतो. नव्यात ‘एकोणीस’ हा शब्द उच्चारल्यामुळं तिला जे कळतं ते असह्य होऊन तीच मरण मागते. रोलंडच्या स्वभावाचा ठोकताळाच बदलला. जुना पाठ जास्त क्रूर आहे, आणि आमच्या मते जास्त खराही.

पुण्या-मुंबईहून किंवा कोल्हापुराहून जुनी पेपरबॅक आणताना पाठ कुठला ते दोन मिनिटांत ओळखता येतं. नुसतं छपाईचं वर्ष बघून भागत नाही. त्याच पानावर सुधारित पाठाचा उल्लेख आणि २००३चा स्वामित्वहक्क आहे का ते बघावं. मग सुरुवातीला एकोणीस वर्षांच्या वयाबद्दलची प्रस्तावना शोधावी. ती दुसऱ्या ते चौथ्या खंडाच्या नव्या छपाईतही आहे, त्यामुळं तेवढ्यावर विसंबू नये. शेवटी टल गावाच्या भागात ‘नाइन्टीन’ हा शब्द दिसतो का बघावं. दिसला तर पाठ नवा, यात शंका नाही. पहिल्यांदा वाचणाऱ्यानं नवा घ्यावा. जुना मिळाला तर सोडू नये, दुसऱ्या वाचनाला ठेवावा.

ग्रंथदिंड्या आणि गावोगावची संमेलनं या पट्ट्याला नवी नाहीत. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय तर १८४८पासूनचं. तरी या मालिकेवरची चर्चा एका साध्या गोष्टीत फसते : पान क्रमांक. ब्रिटिश आणि अमेरिकन पेपरबॅकची पानं जुळत नाहीत, आणि दोघंजण आपापलं पान उघडून भांडत बसतात. ज्ञानेश्वरीचा दाखला कुणी पानानं देत नाही, अध्याय-ओवीनं देतो. किंगच्या प्रकरणांतही आकडे घातलेले लहान भाग आहेत. खंड, प्रकरण, भाग असा दाखला द्यावा, आणि पहिल्या खंडाचा असेल तर पाठाचं सालही सांगावं. नावं-गावं अडली तर रॉबिन फर्थचा कोश आहे. ती किंगची संशोधन-सहायक, आणि शेवटचे खंड लिहिताना त्याच्यासाठीच तिनं तो तयार केला. कोश मात्र मालिका संपल्यावर उघडावा; एका नोंदीत सहा खंडांचे शेवट सांडलेले असतात.

राहता राहिला ‘का’. रोलंडच्या भाषेत ‘का’ म्हणजे नियती, आणि तिनं बांधलेली माणसं म्हणजे ‘का-टेट’. इंग्रजी वाचकाला हा शब्द परका आणि गूढ वाटतो. मराठीत चर्चा करताना तो प्रश्न होऊन बसतो, आणि मंडळीत कानडी बोलणारा असला तर ‘याक’ (कानडीतला ‘का?’) म्हणून त्याची थट्टाही होते. ‘रोलंड मनोऱ्याकडं का जातो?’ ‘का म्हणून जातो.’ यातला दुसरा ‘का’ कुठला, हे लिहिताना अवतरणचिन्हात टाकूनच दाखवावं लागतं.