ऑटोफ्लश आला कुठून?

क्वेरी सिलेक्टची (वाचायची) आणि चूक मात्र इन्सर्टची (नवा रो लिहायची). एसक्यूएलअल्केमी ही पायथनची डेटाबेस लायब्ररी वापरणाऱ्याच्या वाट्याला हे कधी ना कधी येतेच. हा घोळ ऑटोफ्लशचा, म्हणजे क्वेरीआधी साठलेले बदल आपोआप लिहिण्याचा. तो कळायचा तर सेशनमधले (मेमरीत ऑब्जेक्ट सांभाळणाऱ्या भागातले) बदल डेटाबेसकडे कधी न्यायचे, हे ठरवणारा नियम कसा बदलत गेला ते पाहावे लागते.

सुरुवातीचे उत्तर सोपे होते: अगदी शेवटी. ऑटावाच्या 'द ऑब्जेक्ट पीपल' कंपनीने १९९०च्या दशकात आधी स्मॉलटॉक भाषेसाठी आणि मग जावासाठी, ऑब्जेक्ट आणि टेबले जोडणारे टॉपलिंक काढले. त्यातले 'युनिट ऑफ वर्क' ऑब्जेक्टची प्रत देई. बदल प्रतीत करायचे. कमिटच्या (व्यवहार पक्का करण्याच्या) वेळी मूळ आणि प्रत ताडून फरक तेवढा लिहिला जाई. डेटाबेसकडच्या फेऱ्या कमी होत आणि रो-लॉकही (इतरांना तो रो बदलू न देणारी कुलपे) कमिटच्या तोंडाशीच लागत. मार्टिन फाउलर यांच्या २००२च्या पुस्तकामुळे 'युनिट ऑफ वर्क' हे नाव सगळ्यांच्या तोंडी बसले. रेल्स आणि जँगो या वेब फ्रेमवर्कनी मात्र हा मार्ग धरलाच नाही. तिथे सेव्ह म्हटले की लगेच लिहिले.

शेवटी लिहिण्यात एक भोक राहते. तुम्ही किंमत १०० वरून १२० केली आणि लगेच '११०पेक्षा महाग वस्तू' अशी क्वेरी मारली, तर ती वस्तू यादीत येणार नाही. बदल अजून मेमरीतच आहे. गॅविन किंग यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या हायबरनेट या जावाच्या लायब्ररीने यावर फ्लशमोड दिले. फ्लश म्हणजे साठलेले बदल एसक्यूएल करून डेटाबेसकडे पाठवणे. 'ऑटो'मध्ये क्वेरीआधी बघितले जाते की साठलेले बदल त्याच टेबलांना लागतात का. लागत असतील तरच फ्लश. पण हे बघण्यासाठी सेशनमधला प्रत्येक ऑब्जेक्ट त्याच्या जुन्या नोंदीशी ताडावा लागतो. सेशनमध्ये दहा हजार ऑब्जेक्ट असतील, तर सहसा दर क्वेरीला दहा हजार तुलना. मोठ्या बॅच जॉबची गती मंदावते ती पुष्कळदा इथेच. दर काही शे रोंनंतर फ्लश आणि क्लिअर (सेशन रिकामे) करायचे ते याचसाठी.

हाताने सांगितल्याशिवाय फ्लश न करणाऱ्या 'मॅन्युअल' मोडचे पूर्वीचे नाव 'नेव्हर'. तीन-चार स्क्रीनचा फॉर्म भरून होईपर्यंत काहीच लिहायचे नसेल, तर हाच मोड कामाचा. २००६च्या जेपीए १.० ने, म्हणजे जावाच्या यासाठीच्या प्रमाणाने, फक्त 'ऑटो' आणि 'कमिट' (कमिटलाच फ्लश) घेतले आणि मॅन्युअल बाहेर ठेवला. ती चूकच होती, कारण नेमकी गरज असलेल्यांना पुन्हा हायबरनेटच्या खास एपीआयकडे जावे लागले.

माइक बेयर यांची एसक्यूएलअल्केमी फेब्रुवारी २००६ मध्ये आली. पहिल्या आवृत्तीत या क्रियेचे नावच 'कमिट' होते. व्यवहार पक्का झाला की नुसते एसक्यूएल गेले, हे नावावरून कळत नसे. ०.२ मध्ये नाव 'फ्लश' झाले. तरी दोन्हींची गल्लत आजही होते, म्हणून सांगून ठेवतो: फ्लश झाल्यावर रोलबॅक करता येतो (बदल मागे घेता येतात), पण पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये अपडेटने धरलेला रो-लॉक तिथून कमिट किंवा रोलबॅकपर्यंत सुटत नाही. फ्लश करून मध्येच बाहेरच्या एपीआयला फोन लावला, तर बाकीचे तेवढा वेळ ताटकळतात.

ऑटोफ्लश आला ०.४ मध्ये, २००७ साली. इथला नियम हायबरनेटहून भाबडा आहे: क्वेरी कुठल्याही टेबलाची असो, साठलेले सगळे जाते. लेझी लोडनेसुद्धा (संबंधित ऑब्जेक्ट लागेल तेव्हाच आणण्याने). ऑब्जेक्टवरचे बदल होताच टिपले जात असल्याने दर वेळी सगळे ताडायचा खर्च मात्र नाही.

आता तो घोळ जवळून पाहू. बिल सेशनमध्ये आहे. तुम्ही नवी ओळ बनवून लिहिता: ओळ.बिल = बिल. बॅकरेफमुळे (नात्याच्या दोन्ही बाजू जुळवून ठेवणाऱ्या सोयीमुळे) ती ओळ बिलाच्या यादीत जाते आणि तुम्ही ॲड न म्हणताही सेशनमध्ये शिरते. पुढे वस्तू शोधायला क्वेरी मारता. ऑटोफ्लश अर्धवट ओळ इन्सर्ट करायला जातो, वस्तू_आयडी नल (रिकामा) असतो आणि नॉट-नल अट मोडते. ट्रेसबॅक बोट दाखवतो तो सिलेक्टकडे. ०.७.६ पासून अशा तुकड्याला 'नो_ऑटोफ्लश' ब्लॉकमध्ये ठेवता येते. त्याहून बरे म्हणजे वस्तू आधी शोधा, ओळ पूर्ण भरा आणि बिलाला शेवटी जोडा. ऑटोफ्लश सगळीकडे बंद करणे हा उपाय नव्हे. किमतीचे ते भोक परत उघडते. २०२३च्या २.० मध्ये बॅकरेफमधून हे आपोआप शिरणे काढून टाकले, पण बिल.ओळी.अपेंड(ओळ) केले तर ओळ अजूनही शिरते.

फ्लश हाताने करायची खरी गरज दोनच ठिकाणी वारंवार पडते. एक, कमिटआधी नवा आयडी हवा असतो. दुसरी फसवी आहे. एका फ्लशमध्ये इन्सर्ट आधी आणि डिलीट नंतर जातात, हायबरनेटमध्येही. त्यामुळे जुना कूपन कोड काढून तोच कोड नव्या रोत घातला, तर प्रोग्रॅममध्ये क्रम बरोबर असूनही युनिक अट (कूपन कोड एकदाच असावा ही) मोडते. डिलीटनंतर लगेच फ्लश बोलवा, मग नवा रो ॲड करा.