पाळी जायच्या वयात मध्यरात्री झोप का मोडते?

चाळिशी ओलांडलेल्या बाईने "हल्ली रात्री झोप मोडते गं" असं सांगितलं की तिला ठरलेली दोन उत्तरं मिळतात. एक, टेन्शन घेऊ नकोस. दुसरं, अंगात उष्णता झालीय, सब्जा घे, गुलकंद खा. सब्जाने काही नुकसान होत नाही, खुशाल घ्या, पण या दोन्ही उत्तरांमुळे मला खरंच राग येतो, कारण रात्री एक-दीड वाजता घामाने मान भिजून जाग येते त्यामागे मेंदूतली एक नेमकी यंत्रणा आहे, ती आता शास्त्रज्ञांना बऱ्यापैकी कळलीय, आणि आपल्याकडे बायकांना ती कोणी समजावूनच सांगत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. भारतात पाळी कायमची थांबण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे आणि त्याच्या आधीची काही वर्षं म्हणजे पेरिमेनोपॉज. म्हणजे आपल्याकडे कित्येक जणींना हे चाळिशीच्या सुरुवातीलाच चालू होतं, पाळी येत असते तरीही. या काळात इस्ट्रोजेन, म्हणजे बीजांडकोशात बनणारं बायकांचं मुख्य हॉर्मोन, एका रेषेत हळूहळू उतरत नाही, एखाद्या महिन्यात नेहमीपेक्षा जास्त वाढतं आणि मग एकदम कोसळतं. शिवाय काही महिने बीजांड सुटतच नाही, मग त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हॉर्मोन नीट तयार होत नाही. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात अ‍ॅलोप्रेग्नानोलोन नावाचा पदार्थ बनतो, तो मेंदूतल्या गाबा रिसेप्टरवर (रिसेप्टर म्हणजे पेशीवरची रसायनांचा निरोप घेणारी जागा) काम करून मेंदू शांत करतो, झोपेच्या बऱ्याच गोळ्याही याच रिसेप्टरवर काम करतात. तो कमी पडला की झोप उथळ होते.

आता माझा आवडता भाग. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो, त्यात चेतापेशींचा एक छोटासा गट आहे, त्यांना कँडी न्यूरॉन्स म्हणतात, कारण त्या किसपेप्टिन, न्यूरोकायनिन बी आणि डायनॉर्फिन अशी तीन रसायनं बनवतात (त्यांच्या इंग्रजी अक्षरांवरून KNDy, उच्चार कँडी). त्यांचं मुख्य काम प्रजननाच्या हॉर्मोन्सचा ताल सांभाळायचं, आणि इस्ट्रोजेन त्यांना लगाम घालून ठेवतं. अमेरिकेत अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या नेओमी रान्स यांनी १९९०-९१ च्या सुमारास मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंमध्ये पाहिलं की पाळी गेलेल्या बायकांमध्ये याच भागातल्या पेशी आकाराने चांगल्याच फुगलेल्या आहेत आणि न्यूरोकायनिन बी जास्त बनवतायत. लगाम सुटला होता! आणि या पेशींचे धागे जातात कुठे, तर शेजारच्याच मीडियन प्रीऑप्टिक न्यूक्लियस या भागात, जिथे शरीराने उष्णता बाहेर टाकायची की राखून ठेवायची हे ठरतं. तिथे न्यूरोकायनिन बी साठी एनके-३ नावाचे रिसेप्टर असतात. पेशी नको तेव्हा पेटल्या की त्या भागाला निरोप जातो की शरीर तापलंय, उष्णता बाहेर टाका, मग त्वचेतल्या रक्तवाहिन्या उघडतात, चेहरा-मान-छाती लाल होते, छातीत धडधडतं, घाम फुटतो. यालाच वाफा येणं, इंग्रजीत हॉट फ्लॅश, म्हणतात. पुढे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये पाळी सुरळीत असलेल्या तरुण बायकांना न्यूरोकायनिन बी शिरेतून दिलं तर त्यांनाही वाफा आल्या. म्हणजे बोट बरोबर जागेवर ठेवलं गेलं.

याला जोडून आणखी एक शोध आहे, डेट्रॉइटच्या रॉबर्ट फ्रीडमन यांचा. शरीराचं आतलं तापमान थोडं वर-खाली झालं तरी साधारणपणे घामही येत नाही आणि हुडहुडीही भरत नाही, त्या मधल्या पट्ट्यात शरीर काही करत नाही. वाफा न येणाऱ्या बायकांमध्ये हा पट्टा त्यांना सुमारे ०.४ अंश सेल्सिअस मिळाला आणि वाफा येणाऱ्यांमध्ये जवळजवळ शून्य. एसीचा थर्मोस्टॅट इतका हळवा झालाय की पाव अंश फरक पडला तरी धाडकन चालू होतो, तसंच. म्हणून जाड गोधडी, उशिरा घेतलेला कडक चहा किंवा नवऱ्याने कमी केलेला पंखा, एवढंसं कारणही पुरतं. आणि म्हणूनच वाफ ओसरल्यावर थंडी वाजते, कारण शरीरात उष्णता "झालेली" नसतेच, उलट त्या दोन-चार मिनिटांत शरीर स्वतःला गरजेपेक्षा जास्त गार करून बसलेलं असतं. मग अंगावरचं फेकलेलं पांघरूण परत ओढायचं आणि तोवर झोप पुरती उडालेली.

फ्रीडमन यांना आणखी एक गोष्ट दिसली, वाफांमुळे येणारी जाग मुख्यतः रात्रीच्या पहिल्या अर्ध्या भागात येते. दुसऱ्या अर्ध्यात स्वप्नांची, म्हणजे रेम झोप जास्त असते आणि त्या झोपेत तापमानाचं नियंत्रण जवळजवळ बंद असतं. त्यामुळे पहाटे चारला जाग येत असेल आणि घाम नसेल तर कारण दुसरीकडे शोधायला हवं.

मग करायचं काय? खोली गार ठेवा, विशेषतः पहिले तीन-चार तास. कोकण-मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही म्हणून पंख्याचा वारा थेट अंगावर हवा, विदर्भात कूलर उत्तम. नायलॉनचा गाऊन नको, सुती घ्या. एका जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ चादरी, स्वतःची वेगळी. कोमट पाण्याने अंघोळ झोपायच्या तास-दीड तास आधी करा, अगदी झोपताना नको.

पण सगळ्यात जास्त पुरावा आहे तो सीबीटी-आय या पद्धतीला, म्हणजे निद्रानाशासाठीचं वर्तन-प्रशिक्षण. सिअ‍ॅटलमध्ये वाफा आणि निद्रानाश दोन्ही असलेल्या बायकांना हे नुसतं फोनवरून शिकवलं, २०१६ साली निष्कर्ष आले, वाफांची संख्या फारशी बदलली नाही तरी झोप चांगलीच सुधारली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण वाफेची जाग दोन मिनिटांची असते, पुढचे दोन तास आपण घड्याळाकडे बघत काढतो ते मेंदूने लावून घेतलेल्या सवयीमुळे. रोज उठायची वेळ एकच ठेवायची, आदल्या रात्रीची झोप भरून काढायला साडेनऊला आडवं व्हायचं नाही, आणि वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर सरळ उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. पहिले दोन आठवडे त्रास होतो, तग धरा.

वाफा जोरदार असतील तर हॉर्मोन थेरपी, म्हणजे कमी पडलेलं हॉर्मोन औषधातून देणं, सगळ्यात गुणकारी आहे. २००२ च्या अमेरिकेतल्या अभ्यासाने तिची जी भीती बसली त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, पंचेचाळिशीच्या बाईला ते गणित तसंच्या तसं लागू होत नाही. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांना ती सहसा देत नाहीत. एनके-३ रिसेप्टरच बंद करणारं फेझोलिनेटंट हे औषध अमेरिकेत मे २०२३ मध्ये मंजूर झालं, हॉर्मोन नसलेलं, नेमकं त्या कँडी पेशींच्या निरोपावर बोट ठेवणारं, मात्र त्यात लिव्हरच्या तपासण्या कराव्या लागतात.

उत्तरेकडे डोकं करून झोपू नये म्हणून पलंग फिरवणाऱ्यांनी ती मेहनत वाचवावी. इन्स्टावर "हॉर्मोन बॅलन्स" म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींवर पैसे घालवू नका, अश्वगंधासुद्धा निरुपद्रवी समजून महिनोन्‌महिने खाऊ नका, तिच्यामुळे लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. आणि मेडिकलमधून परस्पर अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी तर अजिबात नको, तिची सवय लागते.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे हमखास सुटते. या वयात पाळीत रक्त खूप जातं, लोह कमी होतं, आणि मग रात्री पडलं की पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, पोटऱ्यांत काहीतरी वळवळतं, आणि बाई म्हणते पाय दुखतात, चेपून दे. हिमोग्लोबिन बरं असलं तरी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. लॅबच्या कागदावर २० सुद्धा नॉर्मलमध्ये छापलेलं असू शकतं, पण पायांच्या या त्रासात फेरिटिन ७५ किंवा त्याच्या खाली असलं तर लोह द्यायचा विचार करतात, तेव्हा आकडा दाखवून डॉक्टरांना स्पष्ट विचारा. नवरा म्हणत असेल की तू हल्ली जोरात घोरतेस, मध्येच श्वास अडकतो, तर तेही त्याच वेळी सांगा, या वयानंतर बायकांमध्ये स्लीप अ‍ॅप्नियाचं प्रमाण वाढतं आणि त्याची तपासणी वेगळी असते.